पाठमोरा देव

खरं सांगून टाकलं असतं, तर थोरलीच्या पदरात चार गोष्टी पडल्या असत्या. पहिली म्हणजे बापाचा शब्द. कौतुकाचा नव्हे, 'दार लाव, वारा येतोय' एवढा साधा. दुसरी म्हणजे घरातली तिची खोली, जिच्यात आता भावाची पुस्तकं आणि भावजयीचं शिवणयंत्र राहत होतं. तिसरी, औषधाच्या दुकानातला तो बुटका, हसरा माणूस, जो तिच्यासाठी, तिच्या बापाच्या होकारासाठी, दीड वर्ष थांबला, मग दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला, आणि आता आपल्या तीन मुलांना घेऊन दर रविवारी चर्चमध्ये नेमका तिच्याच पुढच्या बाकावर बसत होता. आणि चौथी, आईच्या शवपेटीवर मूठभर माती टाकण्याचा हक्क... तो बापानं सगळ्यांदेखत तिचं मनगट धरून अडवला होता.

न सांगण्यानं काय मिळालं? एक पाळक मिळाला, तोही घरचाच. तिचा धाकटा भाऊ.

बावीस वर्षं थोरली हा हिशेब मनाशी मांडत आली होती आणि दर खेपेला तो तिला बरोबर वाटत आला होता. चार गेले, एक राहिला. पण जो राहिला तो व्यासपीठावर उभा राहून शेदीडशे माणसांना देवाच्या वाटेला लावत होता, आणि म्हातारा बाप पहिल्या बाकावर बसून एकही रविवार न चुकवता त्याच्याकडे टक लावून बघत होता. एवढं पाहिलं की ती मागच्या बाकावर डोळे मिटून घ्यायची. आपण एकटीनं सोसलं आणि बाकीचे सुखात राहिले, या समाधानावर माणूस बरीच वर्षं काढू शकतं. थोरलीनं काढली होती. हिशेबात कुठेतरी चूक असेल, असं तिला त्या सोमवारच्या दुपारपर्यंत कधी वाटलंच नाही.

त्या दुपारी हातात सुपाचा वाडगा घेऊन ती भावाच्या घरात शिरली, तेव्हा मधल्या बोळकंडीत भावजय तिची वाटच बघत होती.

भावजय वाईट बाई नव्हती. फक्त लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून या घरात तिच्याकडे निरोप्याचं काम आलं होतं. सासरा तिला सांगे, "तिला सांग, मीठ कमी आहे," आणि दोन हातांवर उभी असलेली नणंद ते ऐकत असली, तरी ती इमानानं मान वळवून म्हणे, "ताई, मीठ कमी आहे." सून घरात नसली की म्हातारा भिंतीला सांगे. मिठाबद्दल त्या भिंतीनं जितकं ऐकलं होतं, तितकं एखाद्या खानावळीनंसुद्धा ऐकलं नसेल.

"ताई," भावजय म्हणाली, "आज निरोप मिठाचा नाही."

तिच्या हातात एक कागद होता. थोरलीनं तो लांबूनच ओळखला, आणि वाडग्यातलं सूप तिच्या अंगठ्यावर सांडलं.

त्या कागदाची गोष्ट अशी. हॉस्पिटलच्या कपडेखान्यात आठवडाभर चादरी आणि उशांचे अभ्रे शिवणारी थोरली गेली एकोणीस वर्षं रविवारी उपासनेआधी चर्चच्या मागच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग घेत होती. चौदा मुलं, चौदा छोट्या खुर्च्या, आणि कापडाचे तुकडे चिकटून राहतील असा एक फलालीचा फळा. फाटक्या चादरींच्या तुकड्यांतून तिनं मेंढरं कापली होती, होड्या कापल्या होत्या, मासे तर टोपलीभर होते. देवाचा तुकडा मात्र तिनं कधी कापला नाही. फळ्याच्या मधोमध ती हातभर जागा मोकळी सोडायची आणि म्हणायची, "इथे तो आहे. आता सांगा, कसा आहे?" आणि मुलं सांगायची. तिचा एकच नियम होता: देवाबद्दल मुलानं दिलेलं उत्तर खोडायचं नाही. ड्रायव्हरचा मुलगा एकदा म्हणाला होता, देवाचे कान खूप मोठे असणार. ती हसली नाही. तिनं विचारलं, "मग त्याला किती हळू सांगितलेलं ऐकू येईल?" मुलानं बराच वेळ विचार केला आणि ओठ न हलवता काहीतरी सांगून पाहिलं.

आदल्याच दिवशी, रविवारी, तिनं मुलांना कागद दिले होते. वर एकच ओळ: देव कसा आहे? बेकरीवाल्याच्या मुलानं भट्टी काढली. नर्सच्या जुळ्या मुलींनी दोघींत मिळून एकच मोठा हात काढला. आणि शंकीनं...

शंकी म्हणजे पाळकाची नऊ वर्षांची मुलगी. तिच्या शंका संपत नसत म्हणून सगळ्या मंडळीनं तिला हे नाव बहाल केलं होतं, आणि तिनं त्यावर मात्र शंका घेतली नव्हती. शंकीनं एक म्हातारा काढला होता. कामाच्या बाकावर वाकलेला, कानावर पेन्सिल, आजूबाजूला लहान लहान खुर्च्या. म्हातारा पाठमोरा होता. त्याच्या मागे दारात एक बाई वाडगा घेऊन उभी होती. खाली लिहिलं होतं: 'देव सगळं बनवतो. देव रागावला की बोलत नाही. कधीच.'

मुलांचे कागद उपासनेनंतर पोर्चमध्ये दोरीवर चिमट्यांनी लावायची तिथली पद्धत होती, म्हणजे बाहेर पडताना आईबापांना दिसावेत. तो कागद हातात घेऊन थोरली किती वेळ उभी राहिली कुणास ठाऊक. खिशात घातला असता, तर एक नऊ वर्षांची पोर सोडून कुणाला कळलं नसतं. पण नियम म्हणजे नियम. तिनं कागद लावला... आणि त्यात थोडी लबाडी केली. दोरीच्या अगदी टोकाला, खांबाआड, बाजूच्या दाराजवळ लावला. तिथून फारसं कुणी जात नसे. तिथून फक्त ज्याला पायऱ्या उतरता येत नाहीत तो माणूस जात असे, कारण त्या दाराला उतरण होती. गेल्या हिवाळ्यात तिच्या बापाची डावी बाजू लुळी पडल्यापासून तो त्याच दारानं जात होता. एकोणीस वर्षं कागद लावणाऱ्या बाईला हे आठवू नये, याला काय म्हणावं!

"त्यांनी काल तो ओढूनच काढला," भावजय म्हणाली. "आणि मला म्हणाले... ताई, मी जसंच्या तसं सांगते, माझ्यावर रागावू नका. म्हणाले, ज्या बाईला स्वतःचा बाप कळला नाही, तिनं पोरांना देवबाप शिकवू नये. शंकी पुढच्या रविवारी वर्गात बसणार नाही. आणि वर्गाला दुसरं कुणी बघा, असं त्यांनी वडीलमंडळींनाही कळवलंय."

"वडीलमंडळी काय म्हणाली?"

भावजयीनं नुसते खांदे उडवले. वडीलमंडळी म्हणजे चर्चचा कारभार बघणारे पाच वयस्क गृहस्थ. ज्या टेबलाभोवती बसून ते ठराव करत, ते टेबल म्हाताऱ्यानं केलं होतं, ज्या बाकांवरून मंडळी तो ठराव ऐके तेही त्यानंच. त्याच्यापुढे ते काय बोलणार होते?

थोरली आत गेली. म्हाताऱ्याची खोली म्हणजे निम्मी सुतारशाळा आणि निम्मा पलंग. लाकडाच्या भुशाचा तोच गोड वास, तिच्या लहानपणचा. म्हातारा खिडकीकडे तोंड करून बसला होता, गुडघ्यांत एक छोटी खुर्ची धरून उजव्या हातानं तिला पॉलिशकागद घासत होता. वर्गात नवीन मूल आलं की तो एक खुर्ची करी आणि वर्गाच्या दाराशी ठेवून निघून जाई. बोलणं बंद होतं. खुर्च्या कधी बंद झाल्या नाहीत.

तिनं वाडगा ठेवला. नेहमी ती ठेवून जायची. आज पायच निघेनात.

"बाबा," ती त्या पाठीला म्हणाली, "तुम्ही जे जे घेतलंत ते मी देत गेले. खोली दिली. तुमच्या तोंडून माझं नाव गेलं, तेही सोसलं. पण मुलं तेवढी राहू द्या. माझ्याजवळ दुसरं काही नाही, बाबा... तुमच्या पाया पडते."

पॉलिशकागद थांबला. अगदी क्षणभर. तिच्या सगळ्या जिवाचे कान झाले. मग तो पुन्हा चालू लागला, आणि भिंतीला कुणीतरी सांगितलं, "सूप गार होतंय."

*

गुरुवारी दुपारी धाकटा हॉस्पिटलच्या कपडेखान्यात आला. बाहेर गरम पाण्याच्या टाक्यांची वाफ कोंडलेली, आत सहा यंत्रांची खडखड. पाळकाची पांढरी कॉलर बघून बाकीच्या बायकांनी आपापली यंत्रं थांबवली आणि चहाचं निमित्त करून त्या बाहेर गेल्या. थोरली मात्र चादरीची किनार दुमडत राहिली.

"ताई, मी बाबांना सांगून टाकतो."

"काय सांगतोस? मीठ कमी आहे म्हणून?"

"थट्टा नको. तुझा वर्ग गेला, ताई. आता तुझ्याकडून आणखी काय जायचं राहिलंय?"

यंत्र थांबलं. बावीस वर्षांपूर्वीची ती दुपार पुन्हा दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. आई महिनाभर अंथरुणावर होती, श्वास घेताना तिची छाती भात्यासारखी वाजायची. बाप कामावर, थोरली इथेच, याच खोलीत, खिडकीजवळच्या यंत्रावर. सतरा वर्षांच्या धाकट्याला आईजवळ बसवलं होतं: तीन वाजता औषध दे, श्वास चढला तर शेजारच्या नर्सला हाक मार. दोन वाजता मैदानावरून सामन्याचा आरडाओरडा ऐकू आला. दहा मिनिटांत येतो म्हणून तो गेला... आणि पाचला आला. थोरली कामावरून परतली तेव्हा तो दाराबाहेर भिंतीला पाठ लावून बसला होता, दात वाजत होते, आणि आतून भात्याचा आवाज येत नव्हता.

बाप सहाला यायचा. मधल्या एका तासात एकवीस वर्षांच्या मुलीनं सगळा हिशेब केला. पोराला पाळक व्हायचं होतं, धर्मशिक्षणाला जायचं पत्र आलं होतं. बाप कडक. हे कळलं तर तो त्याला घराबाहेर काढेल, पोर कुठेतरी जीव देईल... आणि सहा वाजता ती म्हणाली, "बाबा, मी आज लवकर आले होते. मीच त्याला मैदानावर पाठवलं, म्हटलं मी बसते. आणि मग मीच मैत्रिणीकडे गेले." बापानं तिच्याकडे पाहिलं. ते त्याचं शेवटचं पाहणं.

"तेव्हा तू मला बोलू दिलं नाहीस," धाकटा म्हणाला. "नंतर मीच बोललो नाही. पहिल्याचा दोष तुझ्यावर टाकता येईल, दुसऱ्याचा कुणावर टाकू?"

"हे बघ. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना धक्का बसता कामा नये. त्यांच्या दृष्टीनं त्यांचं एक मूल बावीस वर्षांपूर्वीच गेलं. एकच उरलंय. म्हातारपणी तेही काढून घेऊ?"

"आणि मला काय उरलंय, ताई?" त्याचा आवाज चिरकला. "दर रविवारी ते पहिल्या बाकावर बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. कशाची तरी वाट बघत असल्यासारखे. मी क्षमेबद्दल बोलायला लागलो की माझी जीभ जड होते."

"मग क्षमेबद्दल बोलू नकोस. तुला विषय कमी आहेत?"

तो हसायला गेला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. तिनं हातातल्या नव्या कोऱ्या चादरीचं टोक त्याच्यापुढे केलं. हॉस्पिटलच्या मालकीच्या चादरीला एका पाळकानं डोळे पुसले आणि तो निघून गेला. थोरलीनं पुन्हा किनार दुमडली. टाके सरळ येत नव्हते.

*

रविवारी तिचा शेवटचा वर्ग होता. पुढच्या आठवड्यापासून वडीलमंडळींपैकी एकाची सून येणार होती, तिच्याकडे रंगीत छापील चित्रं होती.

खोलीत चौदा खुर्च्या आणि तेरा मुलं. चौदावी दाराला टेकून उभी.

"शंके, तुला वर्गात बसायचं नाही असं सांगितलंय ना?"

"मी बसलेलीच नाही," शंकी म्हणाली. "उभी आहे."

यावर वडीलमंडळींनाही काही म्हणता आलं नसतं. थोरलीनं फळ्याच्या मधोमध नेहमीची जागा मोकळी केली, मेंढरं बाजूला सारली. तिला एक मोठा, सुंदर, निरोपाचा धडा शिकवायचा होता, रात्री अंथरुणात शब्दही जुळवले होते. पण तेरा तोंडं समोर बघताच ते सगळे कुठल्या कुठे गेले. ती कशीबशी म्हणाली, "देवाला सगळं जमतं, हे आपण शिकलो. आज सांगा, देवाला काय जमत नाही?"

"शिंकणं," बेकरीवाल्याचा मुलगा तत्काळ म्हणाला.

"विसरणं." हे जुळ्यांपैकी एकीनं सांगितलं. "आम्हाला विसरणं," दुसरीनं दुरुस्ती केली.

"मरणं." "पण तो मेला होता ना, क्रूसावर?" "मग परत उठला ना. म्हणजे पूर्ण जमलं नाही." यावर बरीच चर्चा झाली, आणि थोरलीनं त्यातलं काही खोडलं नाही.

"खोटं बोलणं," ड्रायव्हरचा मुलगा म्हणाला.

"हो," थोरली म्हणाली. "ते त्याला जमत नाही."

"मग दुसऱ्याचं खोटं त्याला चालतं का?" दाराकडून शंका आली. "चांगल्यासाठी बोललेलं?"

थोरलीच्या हातातलं मेंढरू खाली पडलं. "का गं?"

"माझ्या कागदावर मी थोडं खोटं लिहिलंय. देव कधीच बोलत नाही असं. कधीच का, ते मला कुठे माहीत आहे? म्हणून मी आजोबांना जाऊन विचारलं, तुम्ही आत्याशी कधी बोलणार? तर ते म्हणाले, तिनं आधी बोलावं. मी म्हटलं, ती तर रोज बोलते, सूप ठेवलंय म्हणते. तर म्हणाले, ते नाही. मी दुसऱ्या बोलण्याची वाट बघतोय." शंकीनं कपाळाला आठ्या घातल्या. "आत्या, ते कुठलं बोलणं?"

पलीकडे उपासनेचं पहिलं गीत सुरू झालं होतं, त्याचा घुमारा भिंतीतून येत होता. थोरली फळ्याकडे बघत राहिली. मधोमध ती हातभर मोकळी जागा... एकोणीस वर्षं तिनं ती जिवापाड मोकळी ठेवली होती, कुणी देवाला भलताच चेहरा लावू नये म्हणून. आणि तिच्याच घरात, तिच्याच मौनानं, तिच्या भावाच्या लेकीपुढे देवाची पाठ उभी केली होती. आपण एकटीनं सोसलं म्हणतो आपण... मग या पोरीनं काय सोसलं? हिला कसला देव दिला आपण?

"मुलांनो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "देवाला चालत नाही. चांगल्यासाठी बोललेलंही नाही. हे मी तुम्हाला फार उशिरा सांगते आहे."

तिनं फळा आवरला नाही. डोक्यावरचा रुमालही तिथेच राहिला.

*

त्या दिवशी, म्हाताऱ्याच्या दुखण्यानंतर पहिल्यांदाच, पहिला बाक रिकामा होता. सकाळी धाकटा चर्चला निघून गेल्यावर म्हाताऱ्याला श्वास लागला होता. डॉक्टर येऊन गेले होते. बघण्यासारखं फार उरलं नाही, असं त्यांनी भावजयीला दाराबाहेर सांगितलं होतं, आणि ती बिचारी गॅसवर सूप ठेवून रडत उभी होती. थोरलीनं तिच्या हातून वाडगा घेतला.

म्हातारा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाठ. तीच, तशीच, हाडं तेवढी वर आलेली.

"बाबा, त्या दिवशी मी घरी आलेच नव्हते," ती म्हणाली. एवढं म्हटल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. "मी पाचपर्यंत यंत्रावर होते. आईजवळ मी नव्हते. मी तुमच्याशी खोटं बोलले. मैत्रीण नाही, काही नाही... मी खोटं बोलले, बाबा. त्याला वाचवायला."

मग पलंग करकरला. एक खांदा, मग मान, मग तो निम्मा लुळा पडलेला चेहरा हळूहळू तिच्याकडे वळला. तिच्या मनात एकवीस वर्षांच्या मुलीला दिसलेला चेहरा होता. हा कुणी दुसराच म्हातारा होता.

"माहीत आहे," तो म्हणाला.

तिला वाटलं, आपल्या कानांची चूक होतेय.

"आठव्या दिवशी तुमची कपडेखान्याची मोठी बाई भेटायला आली होती," तो म्हणाला. शब्द ओठाच्या एकाच कोपऱ्यातून, अडखळत येत होते. "म्हणाली, पोर बिचारी त्या दिवशी पाचपर्यंत माझ्यासमोर शिवत होती."

"आठव्या दिवशी... मग एवढी वर्षं?"

"आधी लाज वाटली. माती टाकू दिली नव्हती तुला. या हातानं धरलं होतं." त्यानं उजवा हात उचलला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. "मग राग आला. वेगळा राग. मला वाटलं, ही मला काय समजली? सतरा वर्षांचं पोर ते. एक दिली असती मी त्याला... दोन दिल्या असत्या. आणि मग जेवायला बसवलं असतं. मी आणखी काय केलं असतं? एवढं तुला कळू नये?"

"मला वाटलं, तुम्ही त्याला..."

"हो. तुला वाटलं." त्यानं डोळे मिटले. "देवबाप क्षमा करतो म्हणून पोरांना शिकवलंस. घरातला बाप करेल, यावर विश्वास ठेवला नाहीस."

ज्या बाईला स्वतःचा बाप कळला नाही... सोमवारचा तो निरोप आता तिला कळला. तिच्या अंतःकरणातला बावीस वर्षांचा अभिमान, तो एकटीनं सोसल्याचा, जपून ठेवलेला, उजळ अभिमान, भुशासारखा झरझर खाली आला. ती पलंगाच्या कडेशी बसली, आणि तिच्या तोंडून जे निघालं त्यात दुःखापेक्षा संतापच जास्त होता.

"मग तुम्ही का नाही बोललात? तुम्हाला तर सगळं माहीत होतं. मी खोटी होते, पण तुम्ही खरे होतात ना, बाबा? एक शब्द... बावीस वर्षांत एक शब्द तुम्हाला टाकता आला नाही?"

म्हाताऱ्याचा जबडा हलत राहिला.

"हट्ट," तो शेवटी म्हणाला. "वाटलं, दोघांपैकी कुणीतरी येऊन सांगेल. दर रविवारी पुढे जाऊन बसायचो. वाटायचं, आज तरी पोरगा वरून बोलेल. मग परवा तो कागद बघितला. पाठ माझीच होती. पोरीनं कानावरची पेन्सिलसुद्धा सोडली नाही. राग आला... स्वतःचाच. पण माझा राग तुझ्यावर काढायची सवय झालेली."

दारात कुणीतरी उभं होतं. पहिला बाक रिकामा पाहून धाकटा उपासना अर्धी सोडून पायघोळ झग्यातच धावत आला होता. किती ऐकलं होतं त्यानं कुणास ठाऊक.

"आत ये," म्हातारा म्हणाला. "किती वर्षं दारात उभा आहेस."

एकोणचाळीस वर्षांचा पाळक पलंगाशी गुडघे टेकून बसला. इतक्या रविवारी इतकी भाषणं केलेला माणूस, पण त्याला त्या क्षणी एकच वाक्य सापडलं, आणि तेही सतरा वर्षांच्या मुलाचं. "बाबा, मी फुटबॉल बघायला गेलो होतो."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे मान वळवली.

"कोण जिंकलं?"

"आठवत नाही, बाबा," धाकटा म्हणाला, आणि त्यानं बापाच्या लुळ्या हातावर कपाळ टेकलं. "मला आठवत नाही..."

दाराशी भावजय तोंडात पदर कोंबून उभी होती. तिला कुणी निरोप दिला नाही. म्हाताऱ्यानं वाडग्याकडे बोट दाखवलं, थोरलीनं चमचा त्याच्या तोंडाशी नेला, त्यानं घोट गिळला आणि तिच्याकडे, भिंतीकडे नव्हे, तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ती सदा काही ना काही ओढून नेत असायची म्हणून त्यानं तिचं एक नाव ठेवलं होतं. ते नाव या जगात तिच्याखेरीज फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक तिची आई होती.

"मुंगे," तो म्हणाला, "मीठ जास्त झालंय."

*

म्हातारा त्यानंतर अकरा दिवस जगला. नवव्या दिवशी रात्री त्याची वाचा गेली. म्हणजे बोलायला नऊ दिवस मिळाले, आणि त्यात तो बोलला तरी किती! शंकी तर त्याच्या पलंगावरच मुक्कामाला होती. देवाला शिंक का येत नाही, यावर त्या दोघांचं एकमत शेवटपर्यंत झालं नाही.

त्याला पुरलं, तेव्हा प्रार्थना धाकट्यानंच केली. थोरलीनं दोन मुठी माती टाकली, एक बापाच्या पेटीवर आणि एक शेजारच्या जुन्या, गवत उगवलेल्या जागेवर. तिचं मनगट कुणी धरलं नाही. पुढच्या रविवारी धाकट्यानं व्यासपीठावरून सगळं सांगितलं. दोन घरं मंडळी सोडून गेली, बाकीच्यांनी त्याला ठेवून घेतलं. म्हाताऱ्यानं जाण्याआधी वडीलमंडळींना उलटा निरोप धाडला होता, त्यामुळे थोरलीचा वर्ग तिच्याकडेच राहिला. पुढच्या बाकावरच्या औषधवाल्यानं त्या दिवशी एकदाच मागे वळून तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या धाकट्या मुलाच्या कोटाचं बटण लावत बसला.

तेव्हा आता नवा हिशेब. थोरलीची बावीस वर्षं गेली, ती तिला माहीत होती. पण बापाचीही बावीस गेली, एक लेक जिवंत असून. भावाचीही बावीस गेली, क्षमेचा प्रत्येक शब्द घशात अडकवून. भावजयीची तेरा गेली निरोप वाहण्यात. आणि नऊ वर्षांच्या पोरीला सगळ्यांच्या वतीनं पाठमोरा देव मिळाला, तो तिनं एका कागदावर काढून परत केला. आई आजारानं गेली होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, जवळ कुणी असतं तर तिचा हात धरला असता, इतकंच. एवढ्यासाठी सगळ्यांनी एवढं दिलं. आणि जिच्यापायी दिलं, त्या आईला कुणी एकदा विचारलं असतं, तर तिनं त्यातल्या एकालाही काही देऊ दिलं नसतं.